हात हलवत

वेळेवर न पोचणारी माणसं वाटेला दोष देतात, नदीला देतात, नाहीतर नशिबाला देतात. निघण्याआधी आपण कशात गुंतून पडलो होतो, हे मात्र त्यांच्यातलं कुणी कधी कबूल करत नाही.

एका डोंगराच्या अलीकडच्या गावात अशीच एक थोरली बहीण राहत होती. पलीकडच्या गावात तिची धाकटी. मध्ये एक खिंड, एक नदी आणि नदीवर लाकडी साकव. सकाळी निघालेलं माणूस दुपारच्या जेवणाला पोचावं, एवढंच काय ते अंतर. पण कित्येक वर्षांत थोरली तिकडे फिरकली नव्हती.

कारण अगदी लहान होतं. धाकटीच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि नेमकी त्याच पहाटे थोरलीची गाय व्याली. सगळं आवरून ती नेसत्या लुगड्यानिशी धावतपळत पोचली. तिला बघताच धाकटी भर पंगतीत आनंदानं ओरडली, "आल्या बघा आमच्या अक्का, हात हलवत!"

पंगत हसली. थोरलीही हसली. पण पानावर न बसताच ती परत फिरली.

आणि मग एका सकाळी धाकटीची शेजारीण खिंड उतरून थोरलीच्या दारात उभी राहिली.

"अक्का, बहिणीनं बोलावलंय तुम्हाला. ताप हटत नाही, पोटात अन्न ठरत नाही. दोन दिवस येऊन राहा म्हणाली."

"आणखी काय म्हणाली?"

शेजारीण किंचित हसली. "म्हणाली, अक्काला सांग, हात हलवतच ये."

थोरलीचा चेहरा उतरला. अंथरुणाला खिळली तरी हिचा टोमणा काही सुटत नाही!

"चला, अशाच चला माझ्याबरोबर," शेजारीण म्हणाली. "बोलत बोलत खिंड चढू."

"अशी कशी येऊ? तुम्ही व्हा पुढे. मी आलेच."

"आलेच म्हणजे कधी?"

"आलेच म्हणजे आलेच!"

शेजारीण एकटीच परत गेली.

थोरलीनं त्या दिवशी डिंक तळला, खोबरं भाजलं आणि लाडू वळले. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची तांब्याची कळशी काढून चिंचेनं लख्ख घासली. पेटीतलं कोरं लुगडं काढलं. तुपाची बरणी भरली. धाकटीच्या पोटात अन्न ठरत नव्हतं, हे तिच्या कानांनी ऐकलं होतं, पण मनानं ऐकलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे धाकटी नव्हतीच. ती पंगत होती.

तिसऱ्या दिवशी अंगणात दोन मोठी बोचकी उभी राहिली. ती बघून नवरा म्हणाला, "अगं, भेटायला निघालीस की दुकान मांडायला?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"दोन दिवसांचं तर जाणं. एक लुगडं घे नि नीघ. ती आजारी बाई तुझी कळशी कशाला बघतेय?"

"ती नाही बघणार, पण गाव तर बघेल!"

एक बोचकं डोक्यावर आणि एक काखेत घेऊन थोरली निघाली. खिंड चढताना ती दर वळणावर थांबत होती. थांबली की पोचल्यावर म्हणायचं वाक्य मनात घोळवत होती. 'बघ गं, भरल्या हातांनी आले.' कधी ते चढ्या आवाजात म्हणून बघितलं, कधी हसत. सकाळ सरली तरी खिंड सरेना.

ती नदीवर आली तेव्हा साकवाच्या तोंडाशी एक बाई गवत कापत होती. तिनं थोरलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाई गं, हे घेऊन कुठं चाललीस? फळ्या सैल झाल्यात. दोन्ही हातांनी कठडा धरल्याशिवाय पलीकडे जाता यायचं नाही."

"मग मी करू काय?"

"बोचकी ठेव इथं गवतात. परत येताना ने. कुणी नाही हात लावणार."

"आणि दुसरी वाट?"

"खाली उतार आहे, गुडघाभर पाण्याचा. पण तिकडून गेलीस तर आज काही पोचत नाहीस."

थोरलीनं बोचकी खाली ठेवली. एक पाऊल साकवावर टाकलंसुद्धा. पलीकडच्या झाडीतून धाकटीच्या गावचं देऊळ दिसत होतं. हात मोकळे झाले होते, खांदे हलके झाले होते. पण त्या मोकळ्या हातांकडे तिचं लक्ष गेलं आणि कानात पंगतीचं हसू वाजलं.

ती मागे वळली. बोचकी उचलली आणि नदीच्या काठाकाठानं उताराकडे चालू लागली. गवत कापणारी बाई विळा तसाच धरून तिच्याकडे बघत राहिली.

उतार गाठेपर्यंत दिवस मावळला. त्या रात्री तिनं एका परक्या गावच्या देवळात बोचक्यांना टेकून डोळे मिटले आणि उजाडताच पुन्हा चालायला लागली.

धाकटीच्या दारापुढे गोवऱ्यांचा धूर होता. अंगणात माणसांच्या पावलांची दाटी उमटलेली होती, पण माणूस दिसत नव्हतं. सगळे नदीवर गेले होते. सारवलेल्या जमिनीवर एक दिवा ठेवला होता आणि त्याच्यापाशी ती शेजारीण बसली होती.

थोरली उंबऱ्यात उभी राहिली. तोंडावर पदर घ्यायला हात उचलू गेली, तर हात मोकळे नव्हते.

"कधी?" तिनं विचारलं.

"काल सांजेला. दुपारपर्यंत सारखी विचारत होती, अक्का खिंडीत दिसते का बघा."

"काही बोलली का?"

शेजारणीनं दिव्याची वात सारली. मग म्हणाली, "डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. हात पुढे करून चाचपत होती. 'अक्का, आलीस?' म्हणाली. माझ्यानं नाही म्हणवेना. हो म्हटलं आणि माझा हात दिला तिच्या हातात. तिनं पंजा चाचपला, बोटं चाचपली आणि हसली. म्हणाली, 'हात हलवतच आलीस ना? बरं केलंस. तेव्हा उगाच बोलले गं मी.'"

थोरलीच्या डोक्यावरचं बोचकं घसरलं. लाडवांचा डबा उघडून लाडू सारवलेल्या जमिनीवर घरंगळत गेले. एक दिव्याला लागून थांबला. ते वेचायला ती खाली बसली आणि बसूनच राहिली.

"एवढं सगळं तिच्यासाठीच आणलं होतं गं," ती म्हणाली. "यापायीच उशीर झाला."

यावर शेजारीण जे बोलली, तेच या गोष्टीचं तात्पर्य:

"सामान काय, मागाहून कुणाच्याही हाती धाडता आलं असतं, अक्का. तुमचं येणं तेवढं कुणाच्या हाती धाडता येत नव्हतं."