बावीस नियमांचा खेळ

सांगायला लावता म्हणून सांगतो, नाहीतर आपल्याला काय पडलंय? मठातला जो तो ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगतो. मी मागच्या पडवीतून पाहिलंय, तेवढंच सांगणार. मध्ये बोलायचं नाही.

"बाबा, त्या मडकीवाल्याचा खेळ दगडावर कोरणार? आणि माझा नाही?"

येसाजी सुतार दारातूनच ओरडला. काखेत त्याच्या खेळाचा सागवानी पट.

मठाच्या ओट्यावर नवी फरशी बसवली होती. एकच. उद्या पाथरवट तिच्यावर एक खेळ कोरणार होता. तो एकदा कोरला की करणारा मेला तरी खेळ राहतो. येसाजीला तेवढंच हवं होतं.

तीन वर्षं राबला होता तो त्या पटावर. फासा नाही, कवड्या नाहीत, नुसत्या सोंगट्या आणि अक्कल. आणि मलू कुंभारानं एका दुपारी ओट्यावर गेरूनं चार रेघा ओढल्या, तर सगळं गाव त्यांच्याभोवती उकिडवं! सकाळीच येसाजीनं त्या रेघांवर पाण्याची घागर ओतली होती.

मठाच्या म्हाताऱ्या बाबांना दिसायचं कमी. त्यांनी ओट्यावरून हात फिरवला. बोटांना लाल चिखल लागला. तो त्यांनी सावकाश धोतराला पुसला.

"मलूच्या खेळात खोट काय रे?"

"खोट? मधलं घर धरलं की उजवी बाजू उघडी पडते. सातव्या चालीला कोंडतो मी समोरच्याला!"

"किती डाव खेळलास?"

"...रोज एक. कधी दोन."

"हं. तुझा मांड."

येसाजीनं सोंगट्या लावल्या. बाबा चाचपत चालवायचे. पण दहाव्या चालीला येसाजीची सोंगटी काठावर सापडली.

बाबांनी ती मारायला हात उचलला.

"थांबा! काठावरची मारता येत नाही."

"हे आधी बोलला नाहीस."

"नियमच आहे तो, बाबा."

"कधीपासून?"

येसाजी पटावरची धूळ पुसू लागला.

"रखमाजी गुरव तुझ्या पटावर जिंकत होता, तेव्हा उलटं चालायची बंदी झाली. तोही नियमच?"

"हो."

"किती झाले आता?"

"बावीस... हा धरून."

"आणि तुला हरवून गेलेले किती?"

येसाजीनं मोजायला बोटं उघडली, पण एकही मोडलं नाही.

बाबांनी काठावरची सोंगटी उचलली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ मिटवली.

"या पटावर तुला हरवून गेलेला एक माणूस घेऊन ये. दगडाला घाई नाही."

फरशी अजून कोरीच आहे. आणि माझ्या रेघांवर पाणी ओतल्याची माफी मागायची राहिलीय, ती येसाजी सुतारानं.