दार लागायच्या आधी

या, पाय आत घ्या. चादर ओढू नका कोणी. आजची गोष्ट गोड नाही, आधीच सांगते. रडायचं असेल त्यानं आत्ताच आईकडे जावं.

नाही ना जायचं? मग ऐका.

एक होतं गाव आणि गावाला होतं एकच दार. चहूकडे दगडाची भिंत, भिंतीबाहेर रान. रानात एक जनावर राहायचं. वाघ नव्हे, अस्वल नव्हे. काळं, उंच, आणि तोंडाच्या जागी नुसता अंधार. दिवस बुडाला की ते बाहेर पडायचं.

म्हणून गावच्या जुन्या माणसांनी ते दार मंतरून घेतलं होतं. दिवस बुडताना सगळं गाव दारापाशी जमायचं. पाटील तीनदा विचारायचा, "कोणी बाहेर राहिलं का?" गाव तीनदा म्हणायचं, "कोणी नाही." मग दार आपोआप लागायचं. लागलं की उजाडेपर्यंत उघडायचं नाही. पण तिन्ही वेळा एक जरी माणूस "आहे" म्हणाला, तर दार जागचं हलायचं नाही. मागे राहिलेल्यासाठीच केलेली युक्ती होती ती, बरं का.

पण रोज रोज तेच म्हणायचं. घरी भात शिजत ठेवलेला, लेकरं भुकेनं किरकिरत असलेली. मग मागे वळून बघतंय कोण? पाटलाचं विचारून संपायच्या आत गाव "कोणी नाही" म्हणून मोकळं.

त्या गावात हौसा नावाची नवी सून आली. सासू मोठी तिखट. पहिल्याच दिवशी तिनं सुनेला बजावलं, "सगळे म्हणतात तेव्हा म्हणायचं. आपला आवाज वेगळा निघता कामा नये." हौसानं मान हलवली. नव्या सुनेला दुसरं येतं काय?

मग एका संध्याकाळी काय झालं, म्हातारा भिवबा धनगर आला नाही. हौसानं त्याला माळावर लंगडत येताना पाहिलं होतं. तिनं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात गाव म्हणालं, "कोणी नाही." आणि तिच्या तोंडातूनही तेच निघालं. तिला स्वतःलाच कळलं नाही कसं. दार लागलं. थोड्या वेळानं बाहेरून काठी आपटल्याचा आवाज आला, मग थांबला.

सकाळी दारात नुसतं मुंडासं पडलेलं. लोक म्हणाले, भिवबा लेकीच्या गावाला गेला. सगळेच म्हणाले. हौसालाही वाटायला लागलं, गेला असेल बाई, आपलीच नजर फसली असेल. असं होतं बरं का. दहा जण एक सांगायला लागले की आपल्याला आपलेच डोळे खोटे वाटतात.

मग पुन्हा एकदा. कुंभाराची भागा मातीच्या खाणीवर मागे राहिली. तिचा नवरा सखा गर्दीत पुढे उभा. त्याला वाटलं, बायको मागच्या बायकांत असेल. त्यानं वळूनही पाहिलं नाही, सगळ्यांबरोबर म्हणून मोकळा झाला. हौसानं तिला खाणीत पाहिलं होतं. या वेळी हौसा "कोणी नाही" म्हणाली नाही. "आहे"ही म्हणाली नाही. ओठ मिटून उभी राहिली, आणि तिला वाटलं, मी तर खोटं बोलले नाही.

पण दाराला गप्प माणूस कसा ऐकू येणार? दार लागलं.

सकाळी भागाची पाटी सापडली, मातीनं भरलेली. गाव म्हणालं, ती सखाला सोडून गेली. सखा त्या मातीचं काही घडवेना. पाटी तशीच अंगणात राहिली. हौसा त्याच्या अंगणावरून जायचं टाळायला लागली.

मग तिसरी संध्याकाळ आली. या खेपेला सासूच नव्हती. तीच ती, तिखट. सरपण आणायला गेली होती, पायात काटा मोडला असणार. हौसाचा नवरा दौलत बायकोकडे बघेना.

"अहो, आत्याबाई आल्या नाहीत."

"येईल मागून. गप."

पाटलानं विचारलं, "कोणी बाहेर राहिलं का?"

"कोणी नाही," गाव म्हणालं.

आणि हौसा म्हणाली, "आहे."

सगळ्या माना वळल्या. पाटलानं पुन्हा विचारलं, जरा दरडावून. कोणी तिला चिमटा काढला, कोणी म्हणालं, सगळ्यांना मारणार ही. नवऱ्यानं दंड धरला. ती रडत होती, पण म्हणाली, "आहे."

तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मात्र तिचा आवाज फुटेना. सगळं गाव एका अंगाला आणि ती एकटी. दार करकरलं, हळूहळू मिटायला लागलं.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "आहे."

सखा कुंभार होता तो. मग हौसाला आवाज फुटला. दोघं म्हणाले. मग दौलतही म्हणाला, "माझी आई आहे बाहेर." दार पुन्हा उघडलं, आणि म्हातारी फरफटत आत आली. सरपण टाकलेलं, पाय रक्तानं भरलेला. मागे रान काळं झालं होतं, आणि तो काळेपणा चालत येत होता.

"आता तरी म्हणा," पाटील ओरडला. "कोणी बाहेर राहिलं का?"

"कोणी नाही," गाव घाईनं म्हणालं.

सखा म्हणाला, "आहे. माझी भागा आहे."

दार लागेना. जनावर दारात येऊन उभं राहिलं. आणि काय सांगू लेकरांनो, ते बोललं. गावाच्याच आवाजात, सगळ्या गळ्यांतून एकदम निघावं तसं. "कोणी नाही," ते म्हणालं. "कोणी नाही. कोणी नाही." गावाच्या त्या "कोणी नाही"नंच ते जनावर पोसलं होतं.

लोकांच्या ओठांवर तेच यायला लागलं. हौसा पुढे झाली. तिला खूप भीती वाटत होती. ती म्हणाली, "भिवबा राहिला. मी पाहिलं होतं. भागा राहिली. तेही मी पाहिलं होतं."

जनावर आक्रसून खांद्याएवढं झालं. मग सासू म्हणाली, "भिवबा राहिला. काठी मीही ऐकली होती." जनावर कमरेएवढं झालं. मग ज्याला त्याला आठवायला लागलं, कोणी काय ऐकलं, कोणी काय पाहिलं. सगळे बोलले, पण प्रत्येक जण आपापल्या आवाजात. जनावर मांजराएवढं झालं आणि रानात पळालं.

भिवबा आला का परत? नाही. भागाही नाही. मी खोटं कशाला सांगू?

पण गाव पुढे सुखानं नांदलं. सखानं त्या मातीची पणती केली, ती दारात लागायला लागली. आता तिथे एकदम कोणी बोलत नाही. एकेकाचं नाव घेतात, तो "आहे" म्हणतो. शेवटी भिवबाचं आणि भागाचं नाव घेतात. गाव थोडं थांबतं, मग दार लागतं.

चला, झोपा आता. मीही कडी लावते. कुसुम? आहेस. छबू? बरं. वश्या?

वश्या?

झोपला वाटतं. नुसतं वाटून चालायचं नाही. छबू, हात लाव बघू त्याला. आहे ना?

मग लावते कडी.