कारभाऱ्यांनी वाचवलेली रायफल

गेल्या पावसाळ्यात रानडुक्कर अंगावर आलं, तेव्हा शिरवलीच्या राजेसाहेबांच्या रायफलीचा बोल्टच अडकला होता. वाटाड्या सोमा ठाकरानं त्यांना बाजूला ओढलं, म्हणून ते वाचले. तो उपकार स्मरून त्यांनी नव्या रायफलीची निवड सोमावरच सोपवली.

कारखान्यातून दोन रायफली आल्या होत्या. एक झगझगीत पॉलिशची, दुसरी राखाडी, ओबडधोबड.

कारभारी तोऱ्यात म्हणाले, "सरकार, दोन्ही उन्हापावसात चालतात, कंपनीनं छापूनच दिलंय. मग देखणी तीच घ्यावी. यात ठाकराला काय कळतंय?"

"बरोबर हाय," सोमा म्हणाला. "तर मग दोन्ही घोड्यांच्या हौदात बुडवू, अन् पाणी झटकून बार काढू."

त्यानं राखाडी रायफल हौदात टाकली. दुसरीला हात घालताच कारभारी धावले आणि ती त्यांनी छातीशी कवटाळली. "अरे, खराब होईल ना!"

सोमानं राखाडी बाहेर काढली, पाणी निथळवलं, काडतूस भरून बोल्ट ओढला. पहिल्याच दाबाला बार उडाला.

"सरकार, निवड कारभाऱ्यांनीच केली. जिला आपण जपायचं, ती दिवाणखान्यात टांगा. जी आपल्याला जपंल, ती रानात न्या."

राजेसाहेबांनी राखाडी रायफल सोमाच्याच खांद्याला अडकवली. "मग ही तुझ्याकडेच राहू दे. रानात मला जपलंस ते तूच."