शिशाचे उरलेले दोन

"सर, आता तरी मनातून काढून टाकलंत ना?"

ढमाल्यांनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. हातात स्वतःच्या सत्काराची पत्रिका. प्राचार्य म्हणून निवृत्त होत होते.

उकिडवे सर काचेची नळी पुसत राहिले. सरांच्या घरामागची ही पत्र्याची खोली, बारावीची मुलं इथे रसायनशास्त्र शिकायला येतात. मी बाटल्या धुतो. पूर्वी कॉलेजातही सरांच्याच हाताखाली धूत होतो.

सोळा वर्षांपूर्वी या ढमाल्यांनी, सरांच्या लाडक्या शिष्याने, लिहून दिलं होतं की सरांनी कॉलेजचं महागडं सिल्व्हर नायट्रेट बाहेर विकलं. धडधडीत खोटं. त्या बाटल्या मुलांच्या प्रयोगांत संपल्यावर मीच धुतल्या होत्या. पण शिपायाला विचारतो कोण? सर घरी बसले, ढमाले सरांच्या खुर्चीत बसले.

"बोला ना, सर..."

"शिशाच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन किती?"

ढमाले ओशाळं हसले. "चार."

"देतं किती?"

"कार्बन, सिलिकॉन चारही देतात. शिसं त्यांच्याच घराण्यातलं, पण जड. दोन देतं. उरलेले दोन आत धरून ठेवतं."

"तुझ्यावरचा बदनामीचा खटला मी मागे घेतला. तुझ्या मुलीला याच बाकावर बसवून शिकवलं."

"ते कसं विसरेन? पण सर, एकदा व्यासपीठावर या. लोकांसमोर सांगा, मनात काही नाही म्हणून. त्याशिवाय मला चैन पडायची नाही."

डोळे भरले होते त्यांचे. खरेच भरले होते, आणि त्याचाच मला राग आला.

सरांनी नळीत चिमूटभर तपकिरी भुकटी टाकली.

"ह्या शिशाचे चारही काढून घेतलेत."

बर्नर पेटवला. चिमट्यात धरलेली नळी तापू लागली.

"ती उदबत्ती घे. तोंडाशी धर."

उदबत्तीच्या टोकाला नुसता निखारा होता. नळीपाशी नेताच आतून सुटलेल्या ऑक्सिजनने भडकला. ढमाल्यांनी हात झटकन मागे घेतला.

भुकटीचा तपकिरी रंग गेला, पिवळट झाली.

"दोन परत घेतले त्याने," सर म्हणाले. "आता गप्प राहील."

त्यांनी बर्नर बंद केला.

"म्हणजे, येणार नाही तुम्ही?"

सरांनी मान हलवली नाही, पत्रिकेलाही हात लावला नाही. ढमाल्यांनी ती टेबलावर ठेवली. मग जुन्या सवयीने, नळी स्टँडवर ठेवायला म्हणून हात पुढे केला.

"राहू दे," सर म्हणाले. "तापलेली काच गार काचेसारखीच दिसते."