बाळंतिणीचं झाड

कोंडसर गावात देवाला देऊळ नव्हतं. डोंगरउतारावर जुनी राई होती, आणि राईत एका थोराड बेहड्याखाली देवाचा पाषाण होता. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नसे. पूजा धाकू गुरवाकडे होती. माणूस कमी बोलायचा, पण वाकायचा नाही.

गावच्या बाबाजी देसायांची लेक बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. त्या आनंदात देसायांनी राईतली झाडं तोडून देवाला लाकडी देऊळ बांधायचं ठरवलं आणि ते राईत आले.

"देवाचंच लाकूड देवाला, धाकू. कौल लाव."

कौल म्हणजे पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार.

"नाही लावणार."

"का? डावी पडेल म्हणून भितोस?"

"उजवी पडेल म्हणून. उजवी पाकळी कमी भिजवली की तीच आधी पडते. तुम्हांला ते ठाऊक आहे, म्हणून तर कौल मागताय."

देसाई चिडले. "उद्यापासून पूजा दुसरा करील. पूजेची जमीनही त्याच्याकडे जाईल."

ती जमीन गेली की धाकूच्या घरची चूल विझणार होती. बायकोने विचारलं, "आता खायचं काय?"

"मजुरी करू," धाकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी देसाई लाकूडतोडे घेऊन आले. त्यांचा म्होरक्या लखू पाषाणापाशी थबकला. "कौल झाला ना?"

"माझा शब्द हाच कौल," देसाई म्हणाले. "आधी हा बेहडा पाडा."

धाकू बेहड्याला पाठ लावून उभा होता. "या झाडात बाळंतीण आहे. वर बघा."

वर खोडात ढोली होती. तिचं तोंड मातीने लिंपलेलं होतं, मधे फक्त एक फट. धनेशाच्या मादीने अंडी घालायला स्वतःला आत कोंडून घेतलं होतं. तेवढ्यात नर आला. त्याच्या चोचीत उंबर होतं. फटीतून आतली चोच बाहेर आली आणि उंबर घेऊन गेली.

"पाखरापायी देवाला उघड्यावर ठेवू?" देसाई म्हणाले.

"देव उघड्यावर नाही, राईत आहे. छप्पर काढायचंच तर आधी तुमच्या माडीचं काढा. तिथंही बाळंतीण निजली आहे. तिचं काढा, मग हिचं."

लखूने कुऱ्हाड खांद्यावर टाकली. "देसाई, बाळंतिणीच्या घरावर घाव घालणारा माणूस दुसऱ्या गावात बघा. आम्ही चाललो."

"पिल्लं उडाली की येईन," देसाई धाकूला म्हणाले.

"या. पुढच्या साली ती याच ढोलीत येईल. मीही इथंच असेन."

देसायांनी पूजा काढून घेतली, जमीनही घेतली. धाकू दुसऱ्याच्या शेतात राबू लागला. त्याने परत काही मागितलं नाही. देऊळ मात्र झालं नाही; बाळंतिणीचं झाड तोडायला एकही लाकूडतोड्या तयार होईना. दर साली मादी ढोलीचं दार लिंपू लागली की धाकू कामावरून तडक राईत येतो आणि बेहड्याला पाठ लावून उभा राहतो. कुऱ्हाड येवो न येवो.

तात्पर्य: रान तोडणाऱ्याला देवाच्या नावानेही होकार देऊ नये. रान राखायचं तर तोंडावर नाही म्हणावं, आणि त्यापायी जे जाईल ते जाऊ द्यावं.