न्हाणीघरातला गालिचा

फत्तेरावमहाराजांनी न्हाणीघरात गालिचा अंथरला आणि वर हुकूम सोडला, की राजपुत्रांना आंघोळ घालताना त्यावर पाण्याचा एक थेंबही पडता कामा नये!

न्हाणीघरात गालिचा कशाला, हे विचारायची सोय नव्हती. शेजारच्या राजाने म्हणे जेवणघरात गालिचा घातला होता. त्याच्या एक पाऊल पुढे जायचं, तर न्हाणीघरच काय ते उरलं होतं. फत्तेरावमहाराजांनी आयुष्यात एवढी एकच लढाई मारली.

राजपुत्र दोन, जुळे, वय वर्षं तीन. ते घंगाळात बसले की थोड्या वेळाने घंगाळ रिकामं आणि भिंती ओल्या, असा रोजचा हिशेब. त्यांना जन्मल्या दिवसापासून न्हाऊ घालणारी गोजरा भाचीच्या लग्नाला गेली होती. तिच्या जागी आलेल्या दोघी बायका दोन दिवसांत हद्दपार झाल्या. तिसऱ्या दिवशी गोजरा परतली, तर वेशीवरच तिला बातमी कळली.

हद्दपारीची तिला भीती नव्हती. दोन हात धड होते, कुठेही पोट भरलं असतं. पण तिला ना नवरा, ना मूल. या दोघांचे मळके कान आणि चिकट माना हाच तिचा संसार. त्यांना सोडून ती जाणार नव्हती. ती तडक दरबारात गेली.

खाली एखादं जुनेर अंथरू का, असं तिने विचारलं. महाराज कडाडले, झाकायचाच असता तर एवढा महागाचा गालिचा आणला कशाला? तिने एक चिंधीसुद्धा अंथरायची नाही आणि गालिचा जागचा हलवायचा नाही. मग पाणी तरी बेताचं घेऊ का? छे! राजपुत्रांचं घंगाळ काठोकाठ भरलेलंच हवं.

"यात अवघड ते काय?" दिवाणजी म्हणाले. "मुलांना नीट समजावून सांगितलं की झालं." दिवाणजींना सात मुलं होती आणि त्यांतलं एकही त्यांनी कधी ओलं पाहिलं नव्हतं.

सेनापती म्हणाले, पोरांचे हात घट्ट धरायचे, फार सोपं आहे. राजवैद्य म्हणाले, पाणी कोमट असलं की बालकं शांत राहतात, फारच सोपं आहे. मग बाकीच्या मानकऱ्यांनाही ते एकाएकी सोपं वाटू लागलं.

गोजराने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"महाराज, मी पडले अडाणी. एवढी जाणती माणसं जवळ बसून सांगतील, तर जमेल मला. फक्त जो सगळ्यात शहाणा, त्यानं घंगाळाच्या सगळ्यात जवळ बसावं."

झालं! शहाणपणात मागे राहायला कोण तयार होणार? सगळा दरबार उठून न्हाणीघराकडे धावला.

आता त्या दरबाराची रीत अशी, की मानकरी कधी नुसत्या जमिनीवर टेकायचा नाही. ज्याची त्याची स्वतःची गादी, आणि मान जेवढा मोठा तेवढी गादी जाड. दिवाणजींची तर हातभर जाड होती, तिच्यावर चढायला पाट लागे. नोकरांनी अकरा गाद्या आणून घंगाळाभोवती मांडल्या. जवळच्या जागेसाठी इतकी रेटारेटी झाली, की गादीला गादी भिडली आणि गालिच्याचा एक धागा दिसेना. महाराज तेवढे दारात उभे राहिले.

गोजराने कढत पाण्यात गार पाण्याचं विसण घातलं, कोपर बुडवून पाहिलं आणि पोरांना आत बसवलं. अकरा पागोटी बघून पोरं बिचारी गप्पच झाली. कदाचित गप्पच राहिलीही असती.

पण दिवाणजींनी बोट उगारलं. "बाळराजे, हाताने असं फटकन पाणी उडवायचं नाही बरं का."

तोवर पोरांच्या ते ध्यानातही नव्हतं!

पहिला फटकारा दिवाणजींच्या तोंडावर बसला. सेनापती हात धरायला वाकले, तर पोरांनी पाय झाडायला सुरुवात केली. पाणी कोमट होतं, त्यामुळे राजवैद्यांना थंडी वाजली नाही एवढंच. मिशा लोंबल्या, पागोटी भिजली, अंगरखे अंगाला चिकटले, आणि मागे सरकायला तसूभर जागा नव्हती. गोजराने मात्र सावकाश कान धुतले, माना चोळल्या, डोक्यावर पाणी घातलं आणि दोघांना पंच्यात गुंडाळून कडेवर घेतलं. दिवाणजी उठू लागले.

"उठू नका, दिवाणजी," गोजरा म्हणाली. "अंगावरचं पाणी गालिच्यावर गळेल. हुकूम तुमच्या हातून मोडायचा."

दिवाणजी पुन्हा गादीवर टेकले. महाराजांनी पुढे होऊन एकेका गादीचा कोपरा उचलून खाली हात फिरवला. गालिचा कोरडा ठणठणीत!

"तुला काही अंथरू नकोस म्हटलं होतं ना?" महाराज गुरगुरले.

"मी कुठं अंथरलं, महाराज? मानकरी आले ते आपापल्या गाद्या घेऊनच आले. रीत हाय त्यांची."

"मग एवढं पाणी गेलं कुठं?"

"ज्यांनी ज्यांनी सोपं हाय म्हटलं," गोजरा म्हणाली, "त्यांच्यात जिरलं."

महाराजांनी निथळणाऱ्या दिवाणजींकडे पाहिलं, मग सेनापतींच्या मिशांकडे, आणि त्यांना हसू आवरेना. धाकटा राजपुत्र कडेवरून टाळ्या पिटू लागला. महाराजांनी तिथल्या तिथे हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं आणि जाहीर केलं, की यापुढे न्हाणीघरात हुकूम चालेल तो गोजराचाच. हद्दपार केलेल्या दोघींनाही परत बोलावलं.

"आणि हा गालिचाही तुझा," महाराज म्हणाले.

"आमच्या खोपटात कुठं मावायचा तो, महाराज? दिवाणजींना द्या," गोजरा म्हणाली. "अंग पुसल्याबिगर त्यांना उठता यायचं न्हाई."

महाराज हसून हसून दाराला टेकले. दिवाणजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि गादीखालून गालिच्याचं एक टोक ओढून डोकं पुसायला घेतलं.