झोपेची आणि विषाची जोडी

"पण बुवा, माझी चाल अति आहे की नाही, एवढंच सांगा ना!"

दिगंबरबुवा शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

श्वापदांच्या झुंजींचा हा मोबाइलवरचा खेळ. टेकडीवरच्या मठीत राहायला येण्याआधी बुवांनी तो चांगलाच गाजवला होता. अजूनही एखादी चाल बंद करावी की नाही यावरून खेळणाऱ्यांची जुंपली, की सगळे निवाड्याला त्यांच्याकडे येत. समोरासमोर बसून एक डाव खेळल्याशिवाय बुवा निवाडा देत नसत.

कौस्तुभ मात्र एकटाच आला होता. त्याच्याशी भांडायलाही कोणी उरलं नव्हतं.

त्याचं घुबड सगळ्यांत चपळ. पहिल्याच फटक्यात ते समोरच्याला झोपवायचं, मग विष द्यायचं. झोपलेल्याची पाळी आपोआप निघून जायची आणि विष भिनत राहायचं. जाग यायच्या बेताला पुन्हा झोप.

ही जोडी जमल्यापासून पठ्ठ्या एकदाही हरला नव्हता. पण हल्ली खेळायलाच कोणी मिळेना. आधी एकेकाला वेळ नसायचा. मग यासीनलाही वेळ मिळेनासा झाला, आणि यासीन तर पाटी-पेन्सिलीपासूनचा सोबती. त्याच्याविना कौस्तुभला संध्याकाळ खायला उठायची.

"नियमात बसते ती," कौस्तुभ म्हणाला. "मी स्वतः शोधलीय. त्यांना तोड सापडत नाही, यात माझा काय दोष?"

"तोड शोधतंय कोण?"

कौस्तुभ पुढे सरकला.

"तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात ना बुवा, तर सगळे परत येतील. तुमचा शब्द कुणी मोडत नाही." त्याचा आवाज खाली आला. "यासीनसुद्धा येईल."

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. समोरासमोर दोन चटया टाकल्या, कोनाड्यातला जुना मोबाइल धोतराला पुसला.

"बस. खेळू."

कौस्तुभची छाती फुगली. बुवांशी डाव! बुवांचं अस्वल पडद्यावर उभं राहिलं. घुबडानं पंख हलवले. अस्वल झोपलं.

बुवांनी मोबाइल चटईवर ठेवला, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि ते बाहेर गेले.

"अहो बुवा, डाव चालू आहे!"

"हो ना. चालू दे."

अंगणात झाडूचा आवाज सुरू झाला... कौस्तुभनं विष दिलं. थांबला. दाराकडे पाहिलं. पुन्हा झोप दिली, पुन्हा विष. समोरची चटई रिकामी होती आणि तिच्यावरच्या मोबाइलमध्ये अस्वल निमूट झोपलं होतं. इतके दिवस आपल्या खोलीत एकट्यानं बसून वाटायचं तेच आता इथे, बुवांच्या मठीत, त्याला वाटू लागलं. तरी बोट मात्र चालतच राहिलं.

अस्वल मेलं. विजयाचे नगारे वाजू लागले. त्यानं घाईघाईनं आवाज बंद केला.

बुवा पाय धुऊन आत आले.

"जिंकलास?"

"जिंकलो... पण याला काय डाव म्हणायचं, बुवा? तुम्ही इथे नव्हतातच!"

बुवा समोरच्या चटईवर बसले.

"मी असतो, तर काय वेगळं झालं असतं?"